समभागाची घसरण आणि पांढरपेशा कामगार

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणकसेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबरअखेर तिची कर्मचारीसंख्या ६ लाख १३ हजारांवरून ५ लाख ९३ हजारांवर आली. २०२४ च्या ऑगस्टअखेर साडेचार हजार रुपयांवर असलेला तिचा समभाग ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन हजारांखाली उतरला. कोल्हापुरात या कंपनीविषयी दोन प्रकारचा संताप ऐकू येतो. एक समभागात बचत गुंतविलेल्या मध्यमवर्गीयाचा, दुसरा मुलाची नोकरी गेलेल्या किंवा जाईल या धास्तीत असलेल्या पालकाचा. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

कंपनी बुडालेली नाही. २०२४-२५ मध्ये तिची उलाढाल २ लाख ५५ हजार कोटींची आणि नफा ४८ हजार कोटींहून अधिक होता. त्या वर्षासाठी भागधारकांना दर समभागामागे १२६ रुपये लाभांश मिळाला, आणि सुमारे ७२ टक्के समभाग टाटा सन्सकडेच आहेत. मंदावली आहे ती वाढीची गती. उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा भाग उत्तर अमेरिकेतून येतो, आणि तेथील ग्राहकांनी खर्च आखडता घेतला. हा धंदा मूलतः मनुष्यतास विकण्याचा आहे. ग्राहकाच्या कामावर नसलेल्या कर्मचाऱ्याचा पगार नफ्यातून जातो. म्हणूनच जून २०२५ पासून वर्षातील २२५ दिवस ग्राहकाच्या खाती लागलेच पाहिजेत आणि रिकामे दिवस ३५ हून अधिक असू नयेत, असा दंडक आला. पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेला माणूस महाग, नवा पदवीधर स्वस्त. कपातीचा रोख मधल्या आणि वरच्या श्रेणींवर राहिला, यात नवल नाही. कारण कौशल्याची विसंगती असल्याचे कंपनी सांगते. परंतु हे कौशल्य कालबाह्य होत असताना त्याच्या तासांचे पैसे तिनेच घेतले होते.

हे वैभव केवळ खाजगी कर्तृत्वाचे फळ नव्हे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावयाचे होते. ते न मानणारी आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेली, तेव्हा उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली. त्याच सीएमसीचे ५१ टक्के भागभांडवल २००१ मध्ये टाटांना विकले गेले, आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. संगणकीय निर्यातीच्या नफ्यावर मार्च २०११ पर्यंत आयकराची सवलत होती. समाजाने असे पोसलेल्या उद्योगावर समाजाचा काही हक्क पोहोचतो.

कोल्हापूरपुरते बोलावयाचे, तर १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले आणि जिल्ह्यातील कुटुंबांनी शेत विकून, कर्ज काढून मुलांना अभियंते केले. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी २००३ मध्ये बंद पडली, तेव्हा त्या कामगारांच्या पाठीशी निदान युनियन होती. हिंजवडीतील अभियंत्याला एकट्याला खोलीत बोलावून राजीनामा मागितला जातो, अशी तक्रार पुण्याच्या नाइट्स या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली. कंपनीने आरोप नाकारले आहेत.

कायदाही तोकडा आहे. कामगारकपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे १९७६ चे बंधन कारखाने, खाणी आणि मळे यांपुरतेच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती व्याप्ती वाढविली नाहीच, उलट कामगारसंख्येची अट १०० वरून ३०० वर नेली. मात्र तांत्रिक काम करणारा हा कामगारच होय, हे त्या संहितेलाही मान्य आहे. पदनामात ‘मॅनेजर’ शब्द असला, तरी प्रत्यक्ष काम कोणते, हाच प्रश्न लढविण्याजोगा आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, १९८२ च्या गिरणी संपाला नाके मुरडणाऱ्या वर्गाचेच हे भोग आहेत, भोगू देत. हा राग समजण्याजोगा असला, तरी ते राजकारण नव्हे. पंचेचाळिशीत नोकरी गेलेल्या, घराचे हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला चळवळीने दार लावले, तर दुसरा कोणी त्याच्या वैफल्याला जातीचा वा धर्माचा शत्रू दाखवून देईल.

म्हणून तीन मागण्या पुढे रेटल्या पाहिजेत. कपातीच्या परवानगीचे बंधन संगणकसेवा आस्थापनांनाही लागू करावे. दबावाखाली घेतलेला राजीनामा ही कामगारकपातच मानावी. आणि नव्या कौशल्याचे शिक्षण पगारी वेळेत देणे मालकावर बंधनकारक असावे. संहितेनुसार संघटना नोंदविण्यास आस्थापनेतील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद पुरतात. लाखांच्या आस्थापनेतही शंभर जण पुरेसे आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या या तरुणांची घरे राजारामपुरीत, इचलकरंजीत, गडहिंग्लजमध्ये आहेत, आणि सणासुदीला ते तेथे येतात. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी पहिली यादी तेथूनच करावयास घ्यावी.