एक जोडणी, तीन बिऱ्हाडे

तळमजल्यावर दुकान, मागे गोदाम आणि वरच्या तीन मजल्यांवर तिघा भावांची बिऱ्हाडे, अशी रचना व्यापारी पेठांत आजही आढळते. चुली वेगळ्या झाल्या तरी इंटरनेटची जोडणी बहुधा एकच असते आणि तिचा राउटर गल्ल्यामागे ठेवलेला असतो. तिसऱ्या मजल्यावर मुलांचा ऑनलाइन वर्ग तुटू लागला की अधिक अँटेनांचा, अधिक महाग राउटर आणला जातो. तक्रार मात्र तशीच राहते.

याचे कारण साधे आहे. संभाषण दुहेरी असते. राउटरची शक्ती वाढवली तरी हातातल्या मोबाइलची वाढत नाही. त्याचे उत्तर लोखंडी सळ्यांच्या स्लॅबमधून खाली पोहोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, परंतु भिंतींमुळे लवकर क्षीण होतात.

म्हणून प्रत्येक मजल्यावर एक स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा आणि प्रत्येकाला खालच्या स्विचपासून वेगळी केबल न्यावी. अशी केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. स्विच ‘पीओई’ प्रकारचा असल्यास त्याच केबलमधून वीजही पुरवली जाते. मग मुख्य राउटर व स्विच यांना इन्व्हर्टरचा आधार दिला की वीज गेल्यावरही चारही मजल्यांचे काम चालू राहते. बिनतारी ‘मेश’ सोयीचे असते, परंतु प्रत्येक टप्प्यावर त्याचा वेग घटतो. जिथे केबल नेणे खरोखर अशक्य असेल, तिथेच ते वापरावे.

खरेदी करताना खोक्यावर छापलेल्या अंतरावर विसंबू नये. वाय-फाय ६, डब्ल्यूपीए ३ सुरक्षा, एकाच ठिकाणाहून सर्व यंत्रांची व्यवस्था आणि नियमित सॉफ्टवेअर सुधारणा, एवढे विचारून घ्यावे. काही कंपन्या या व्यवस्थेसाठी वार्षिक शुल्क आकारतात. तीन वर्षांचा एकूण खर्च मांडूनच दरांची तुलना करावी. बसवताना २.४ गिगाहर्ट्झवर लगतच्या यंत्रांना १, ६ आणि ११ असे निरनिराळे चॅनल द्यावेत व शक्ती मध्यम ठेवावी. शक्ती कमाल ठेवल्यास वर गेलेला मोबाइल खालच्याच यंत्राला धरून राहतो.

इथवरचे काम जाणकार तंत्रज्ञ करून देतो. पुढचे काम कुटुंबाचे आहे. दुकानाचे बिलिंग व हिशेब, प्रत्येक बिऱ्हाड, कॅमेरे आणि पाहुणे यांची जाळी ‘व्हीलॅन’ या सोयीने वेगळी करता येतात. कपाट एकच, पण खातेवह्या स्वतंत्र, असाच हा प्रकार आहे. असे न केल्यास गिऱ्हाईकाला सहज सांगितलेला पासवर्ड त्याला हिशेबाच्या संगणकाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांविषयीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. त्या घरचे वाय-फाय असुरक्षित होते. पोलीस प्रथम पोहोचले ते जोडणी ज्याच्या नावावर होती त्याच्याच दारी. तीन बिऱ्हाडांत जोडणी थोरल्याच्या नावावर असेल, तर सर्वांच्या वापराबद्दल पहिली विचारणा त्यालाच होणार, हे धाकट्यांनी ध्यानात ठेवावे. भाडेकरूला तर स्वतःची जोडणी घेण्यास सांगणेच श्रेयस्कर.

अनेक घरांत व्यवस्थापनाचा पासवर्ड केवळ यंत्रे बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडे असतो. तो गाव सोडून गेला की सारी मांडणी पुसून नव्याने करावी लागते. तो पासवर्ड घरातील दोघांपाशी असावा आणि त्याची एक लेखी प्रत बंद पाकिटात तिजोरीत ठेवावी. नोकर काम सोडून गेला की त्याच दिवशी दुकानाचा पासवर्ड बदलावा. यंत्रे कोणी घेतली, मासिक बिलात कोणाचा किती वाटा आणि उद्या एखादे बिऱ्हाड वेगळे राहायला गेले तर काय कोणाकडे राहील, हेही एका कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. रक्कम लहान असते, पण न लिहिलेल्या लहान रकमांवरूनच भावाभावांत मोठे अबोले सुरू होतात.