साकी आपली, मग पद परकं कसं?

या विकांताचा विषय भांडणाचा आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि भांडण आपल्याच मंडळींशी आहे, म्हणजे ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या रसिकांशी आणि विशेषतः इथल्या तरुण संगीतकारांशी.

१८८० हे साल घ्या. ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्याच वर्षी तिकडे माक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराने 'कोल निद्रे' पूर्ण केलं. योम किप्पूरच्या संध्याकाळी ज्यू लोक गातात त्या प्रार्थनेची चाल त्याने चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी बांधली. ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट होता, चाल त्याला बर्लिनमधल्या एका हझानकडून, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्याकडून, मिळाली होती. आणि साधारण त्याच सुमारास मुंबईत बेने इस्राएल समाजातल्या काही जणांनी चक्क कीर्तन करायला घेतलं. दावीद हाईम दिवेकर आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर ही त्यातली नावं. आख्यानं अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. भाषा मराठी. रचना ओवी, अभंग, साकी, दिंडी.

यातली पहिली गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. दुसरी जालावर दोन मिनिटांत ऐकायला मिळते, जगभरचे चेलोवादक ती वाजवतात. तिसरी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? बरं, तिसरी तर घरातली!

घरातली म्हणतोय ते उगाच नाही. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले 'शनिवार तेली'. घाण्यावर तेल काढायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. आडनावं बघा: दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, पेणकर. गावाला 'कर' जोडायची आपलीच सवय. कल्याणहून स्लो लोकलने सीएसएमटीला जाताना शेवटून दुसरं स्टेशन मस्जिद लागतं. ते नाव जवळच्या बेने इस्राएलांच्या 'जुन्या मशिदी'वरून, म्हणजे १७९६ सालच्या सिनेगॉगवरून पडलं असं मानलं जातं, कारण हे लोक मराठीत बोलताना सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. आणि ठाण्यात टेंभी नाक्याच्या परिसरातलं 'शाआर हाशामाइम' १८७९ सालचं आहे. म्हणजे संगीत शाकुंतलापेक्षा एक वर्षाने मोठं.

आता माझी तक्रार. या समाजाबद्दल आपण बोलतो तेव्हा ते नेहमी 'हेरिटेज वॉक'च्या भाषेत. अय्या, इथे ज्यू पण आहेत? किती छान इमारत! मलिदा म्हणजे पोहे-गूळ-खोबरं, किती आपल्यासारखं! फोटो काढला, संपलं. त्यांच्या संगीताचा विषय निघालाच तर 'त्यांचं धार्मिक' या खणात टाकून मोकळे. पण अभंग काय, नाट्यपद काय, धार्मिक नसलेलं आपलं संगीत नक्की किती उरतं? नांदी ऐकून माना डोलावणाऱ्यांनी हे कारण सांगू नये.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे, तो नेहमी वाचणारी माणसं घेतात. म्हणे, कीर्तन हा हिंदू प्रकार, या लोकांनी तो उसना घेतला, मग त्यात ज्यू काय आणि अस्सल काय? अहो, किर्लोस्करांनी साकी, दिंडी कुठून आणल्या? कीर्तनातून आणि आख्यानातूनच ना? शिवाय कर्नाटकी चाली घेतल्या, लावणीच्या वळणाच्या घेतल्या. त्याला आपण उसनवारी म्हणत नाही, मराठी संगीत रंगभूमीची पायाभरणी म्हणतो (आणि बरोबरच म्हणतो). मग तीच साकी योसेफाला विहिरीत टाकणाऱ्या भावांची गोष्ट सांगायला लागली की परकी कशी होते?

याच्या उलटं उदाहरणही आपल्याकडे आहे. वॉल्टर कॉफमन, जन्म १९०७, कार्ल्सबाड. युरोपात ज्यूंवर संकट गडद होत असताना १९३४ साली, सव्विसाव्या वर्षी, हा तरुण संगीतकार मुंबईला आला. इथे त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली आणि पुढे ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीची ती सकाळची धून, तंबोऱ्यावर व्हायोलिन, त्याचीच मानली जाते. आपल्या आजी-आजोबांची दोन पिढ्यांची सकाळ त्या धूनने उजाडली. तेव्हा कुणी विचारलं नाही की हा कोण, कुठला, आपला की परका. तो १९४६ मध्ये इथून गेला, १९८४ मध्ये अमेरिकेत वारला आणि त्याच्या चेंबर रचनांची पूर्ण सीडी निघाली ती २०२० साली, टोरांटोच्या एआरसी आँसाँब्लने वाजवलेली. आपण नाही.

म्हणजे आपला कान उदार आहे. आळशी आहे ती चौकशी.

आणि या आळसाची किंमत आहे. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. जुन्या मराठी पदसंग्रहांत बहुधा स्वरलिपी नसायची. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय पदाचं नाव दिलेलं असायचं. म्हणजे गाणं तिथे नाहीच, तिथे फक्त दुवा आहे. मूळ पद लोकांच्या तोंडून गेलं की दुवा तुटला. पुस्तक राहतं, छापील शब्द राहतात, गाणं मुकं होतं. त्याचा बॅकअप फक्त माणसांच्या गळ्यात. आणि माणसं? १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला गेली. भारतात सगळे ज्यू मिळून आता साधारण पाच हजार. अलीकडच्या काळात ही पदं टिकली ती मुख्यतः स्त्रियांमुळे, इथल्या आणि तिथल्या. त्यांच्यावर चिकाटीने अभ्यास करून लिहिलं कोणी, तर अॅना शुल्ट्झ या अमेरिकन बाईंनी. तिकडून येऊन त्या मराठी कीर्तन शिकतात आणि आपण टेंभी नाक्यावरून रिक्षाने निघून जातो!

आता तरुण संगीतकारांना. तुमच्यापैकी बरेच जण दिवसा नोकरी करून रात्री लॅपटॉपवर संगीत करता, मला माहीत आहे. तुमची नेहमीची ओरड असते की नवीन काही करावं तर मुळं सापडत नाहीत, म्हणून मग त्याच भावगीताला नवे कॉर्ड. स्टीव्ह राइख बघा. न्यूयॉर्कचा, ज्यू घरातला, पण चाळिशीपर्यंत स्वतःच्याच परंपरेपासून लांब. १९७० मध्ये घानाला ढोल शिकायला गेला. मग त्याला प्रश्न पडला की आपल्या घरात काय आहे? हिब्रू शिकला, तोरा कशी गातात ते शिकला आणि १९८१ मध्ये 'तेहिलीम' लिहिलं. हिब्रू स्तोत्रं, टाळ्या, हातातल्या डफांची लय. त्याचं म्हणणं असं की पाश्चात्त्य ज्यूंमध्ये स्तोत्रांच्या जुन्या चाली विसरल्या गेल्या होत्या, म्हणून त्याला नवी चाल बांधायला मोकळीक मिळाली. तुटलेल्या दुव्याचा असाही उपयोग होतो.

ठाण्याच्या पोराला तर घानाला जायचीही गरज नाही. जे पद कुणाच्या गळ्यात अजून आहे ते आधी नीट रेकॉर्ड करा, नाव लिहा, सन लिहा. ज्याची चाल गेली त्याला नवी बांधा. पेटी, झांज, चेलो, काय हवं ते घ्या.

"पण परवानगी?" हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. ही लोकांची श्रद्धा आहे, सँपल पॅक नाही. उत्तर सोपं आहे. जा, विचारा, त्यांच्यासोबत बसून करा, आणि त्याच समाजातलं कुणी तरुण स्वतः रचना करत असेल तर बाजूला होऊन माईक त्याला द्या. नाही म्हणाले तर नमस्कार करून परत या. न विचारताच "त्यांना आवडणार नाही" असं ठरवणं हा आदर नव्हे, ती पळवाट आहे.

"ऐकणार कोण?" याचं उत्तर आयोजकांकडे आहे. फडके रोडपासून गडकरी रंगायतनपर्यंत दरवर्षी दिवाळी पहाट, पाडवा पहाट होतात, आणि यादी आपल्याला गायकाआधी पाठ असते. मी अख्खा कार्यक्रम मागत नाही. सोळा गाण्यांतलं एक, सात मिनिटं, निवेदकाने दोन वाक्यांत सांगायचं की हे १८८० च्या सुमारास सुरू झालेलं मराठी कीर्तन आहे. 'ज्यू' हा शब्द दुसऱ्या वाक्यात आला तरी चालेल. मराठी हा पहिल्यात यायला हवा.

असो. भांडायचं असेल त्यांनी जरूर भांडा, पण आधी एखादं पद मिळवून ऐका.