पुसलेल्या वस्त्यांचा चित्रकार

कला हा जीवनाचा आरसा होय, असे आपण निबंधांतून नेहमी लिहितो. परंतु ज्या समाजात कातडीच्या रंगावरून माणसाचे घर, शाळा आणि उपजीविका ठरते, तेथे या आरशाने काय दाखवावे? तेथील कलावंताने केवळ अन्यायाचीच दाहक चित्रे रंगवावीत, असे पुष्कळांना वाटते. मला हे मत अपुरे वाटते. दक्षिण आफ्रिकेचे कृष्णवर्णीय चित्रकार जेरार्ड सेकोटो यांच्या उदाहरणावरून ते तपासून पाहण्याजोगे आहे.

सेकोटो १९१३ साली जन्मले. १९३९ ते १९४७ या काळात ते जोहान्सबर्गचे सोफियाटाऊन, केपटाऊनचे डिस्ट्रिक्ट सिक्स आणि प्रिटोरियाचे ईस्टवूड या वस्त्यांत राहिले. तेथील पिवळ्या भिंतींची घरे, रस्ते, कामकरी स्त्रीपुरुष हेच त्यांचे विषय. १९४० साली जोहान्सबर्गच्या कलासंग्रहालयाने त्यांचे पिवळ्या घरांचे चित्र विकत घेतले. कृष्णवर्णीय चित्रकाराची त्या संग्रहात आलेली ती पहिली कृती होय. ‘कुदळीचे गीत’ या चित्रात मजुरांची रांग एका लयीत कुदळी उगारते आणि गोरा मुकादम त्यांच्यापुढे क्षीण भासतो. घोषणा एकही नाही. तरी सामर्थ्य कोणाचे, हे पाहताक्षणी उमगते.

अशी चित्रे गोऱ्या धनिकांच्या दिवाणखान्याची शोभा होतात व दारिद्र्य रम्य भासवितात, असा आक्षेप पुढे वस्तीचित्रांवर घेतला गेला. तो अगदीच निराधार नाही. अन्यायाची थेट नोंदही हवीच; अर्नेस्ट कोल यांच्या १९६७ च्या छायाचित्रग्रंथावर त्यांच्याच देशात बंदी आली, यावरून तिचे बळ कळते.

परंतु पुढे काय घडले पाहा. १९४८ साली वर्णविद्वेषी राजवट आली. १९५० च्या कायद्याने प्रत्येक वर्णासाठी निराळे विभाग आखले. १९५५ पासून सोफियाटाऊन रिकामे करून पाडले गेले. त्या जागी उठलेल्या गोऱ्यांच्या वसाहतीला ‘विजय’ या अर्थाचे नाव मिळाले. १९६६ साली डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांसाठी राखीव ठरले व पुढे सुमारे ६०,००० माणसांना तेथून घालविण्यात आले. ईस्टवूडही उरले नाही. या वस्त्या म्हणजे निव्वळ गलिच्छ झोपड्या, असे राज्यकर्ते सांगत. सेकोटो यांनी केवळ घाण व दैन्यच रंगविले असते, तर त्यांची चित्रे राज्यकर्त्यांचीच साक्ष ठरली असती. येथे संसार होते, शेजार होता, हे त्यांच्या रंगांनी नोंदवून ठेवले.

१९४७ साली पॅरिसला गेलेले सेकोटो मायदेशी परतले नाहीत. १९९३ साली त्यांचे निधन झाले. सर्व वर्णांच्या मतदानाने पहिली निवडणूक झाली ती १९९४ साली. सोफियाटाऊनचे नाव २००६ साली पुन्हा लागले. नाव शासनाला परत देता आले. ती जुनी गल्ली मात्र आता चित्रातच पाहावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, पीडितांचे चित्र पाहताना केवळ हळहळून थांबू नये. त्यांच्यापासून काय हिरावले गेले, हेही त्या चित्रात शोधावे.