पदार्पणाचे मोल

जामठ्यात ६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू जेसन क्रेझा याने पदार्पणातच १२ बळी टिपले. अकोल्याहून नागपूर गाठणाऱ्या वऱ्हाडी रसिकांसाठी तो पराक्रम प्रत्यक्ष पाहण्याची संधी होती. मात्र, सामना भारताने जिंकला आणि क्रेझाची कारकीर्द दोन कसोटींतच आटोपली.

त्याच महिन्यात खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला. २०११ मध्ये दिल्लीत त्याने कसोटी पदार्पण केले, तेव्हा सामनावीर ठरला तो त्याच्यासोबतच पदार्पण करणारा अश्विन. तरीही उमेशने ५७ कसोटींत १७० बळी मिळविले. पहिला सामना गुणांची झलक दाखवितो, भवितव्य ठरवीत नाही. अकोला-अमरावतीच्या होतकरू गोलंदाजांना पारखताना निवडकर्त्यांनी आणि प्रेक्षकांनीही एवढे भान राखावयास हवे.