साठी, बुद्धि आणि एक घातक म्हण

लोकांतील म्हणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचें सार, असें मानण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. आणि पुष्कळ म्हणींच्या बाबतींत तें खरेंहि आहे. परंतु म्हण ही जशी अनुभवाची ठेव असते, तशीच ती कधीं कधीं आळसाची पळवाटहि असते. 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण या दुसऱ्या जातीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. यमक साधलें कीं सिद्धान्तहि साधला, अशा समजुतीनें आमच्या समाजानें ती उराशीं बाळगली आहे, आणि तिच्या आश्रयानें घरोघरीं वृद्धांचा जो छळ चालला आहे (छळ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजतों), त्याविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

हा छळ कसा होतो तें पाहावें. घरांतील वृद्ध सासूबाई भाजींत दोनदां मीठ घालतात, एकच प्रश्न तासाभरांत चारदां विचारतात, वर्षानुवर्षांच्या पायाखालच्या वाटेनें देवळांत जाऊन परततांना गल्ली चुकतात. सून कुरकुरते, नातवंडें हसतात, आणि कर्ता मुलगा 'वय झालें, चालायचेंच' असें म्हणून वर्तमानपत्रांत डोकें खुपसतो. त्याच बाईंना ताप भरला असता, तर दुसऱ्या दिवशीं त्यांस डॉक्टरांकडे नेलें असतें; गुडघा दुखता, तर तेल, शेक, क्ष-किरणांची तपासणी हें सारें यथासांग झालें असतें. मेंदू दुखत नाहीं, हाच त्याचा अपराध!

भारतांत साठीपुढील स्त्रीपुरुषांपैकीं सुमारें ८८ लाखांना स्मृतिभ्रंशाची व्याधि असावी, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीवरून निघाला. शेंकडा प्रमाण ७.४. हा आंकडा आमच्या म्हणीवर दुहेरी प्रहार करितो. बुद्धि साठीबरोबरच नाठी होत असती, तर शंभरांतील उरलेल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची ती जागेवर कशी राहिली? आणि ज्या ८८ लाखांची ती ढळली, त्यांस जर व्याधि आहे, तर त्यांची बोळवण वयाच्या नांवाखालीं करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

वार्धक्यानें मेंदूंत कांहींच बदल होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. वय वाढतें तसा मेंदूचा वेग मंदावतो, नांव ओठांवर येऊन अडतें, एका वेळीं दोन कामें जमत नाहींत. परंतु शब्दसंपत्ति, सामान्य ज्ञान, आयुष्यभराच्या व्यवसायांत कमावलेला विवेक हीं बहुधा दीर्घकाळ टिकतात. शेजाऱ्याचें नांव उशीरा आठवणें हें वय. समोरचा मनुष्य आपला शेजारी आहे हेंच न उमजणें हा रोग. एवढा भेद ज्यास करितां येत नाहीं, त्यानें म्हणी वापरूं नयेत.

या बाबतींत आमचाच समाज तेवढा दोषी, असेंहि नाहीं. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०१ सालीं फ्रांकफुर्टच्या इस्पितळांत ज्या रुग्णाईतेची प्रथम नोंद केली, तिचें वय अवघें ५१ होतें. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यानें तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, आणि पेशींच्या बाहेर सांचलेलीं पुटें व पेशींच्या आंत झालेला तंतूंचा गुंता यांचें वर्णन त्याच वर्षीं ट्यूबिंगेन येथील वैद्यसभेपुढें वाचलें. १९१० सालीं क्रेपेलीन या त्याच्या वरिष्ठानें रोगास त्याचें नांव दिलें. पण पुढें काय झालें? तरुणपणीं वा मध्यम वयांत जडला तर तो आल्झायमरचा रोग, आणि वृद्धपणीं जडला तर तें केवळ म्हातारपण, अशी विभागणी त्या देशांतील विद्वानांनीं अनेक दशकें चालविली. दोन्ही ठिकाणीं रोग एकच आहे, आणि तो मोठ्या प्रमाणावर माणसें मारीत आहे, असें अमेरिकेंतील रॉबर्ट कॅट्झमन यानें ठांसून लिहिलें तें १९७६ सालीं! म्हणजे आमची म्हण पाश्चात्त्य वैद्यकांतहि यमकावांचून सुखानें नांदत होती.

आक्षेपक म्हणतील, 'रोग म्हटलें काय आणि वय म्हटलें काय. औषध नाहीं तें नाहींच!' आल्झायमर रोग समूळ बरा करणारें औषध आज नाहीं, हें आम्ही मान्य करितों. परंतु विस्मरण म्हणजे सर्वत्र आल्झायमरच, हें कोणीं ठरविलें? बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, खोल विषण्णता, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, पडल्यामुळें कवटीच्या आंत सांकळलेलें रक्त, यांतील कोणत्याहि कारणानें वृद्धाची बुद्धि भ्रमिष्टासारखी होऊं शकते, आणि वेळीं ओळखल्यास यांवर उपाय आहे. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव तर नित्याची. साध्या रक्ततपासणीनें जें कळलें असतें, तें म्हणीच्या भरंवशावर न कळूं देणें यास आम्ही क्रौर्य म्हणतों.

दुसरी गोष्ट प्रतिबंधाची. मेंदू वजनानें शरीराचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा खातो. त्यांत मज्जापेशी सुमारें ८,६०० कोटी; आणि एवढा पसारा असून इंधनाची सांठवण जवळजवळ नाहीं. रक्ताचा पुरवठा पुरता थांबला, तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. अर्थात् रक्तवाहिन्यांस जें विष, तेंच मेंदूस विष. 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२४ सालीं चौदा कारणें दाखविलीं: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, रक्तांतील अपायकारक चरबी, स्थूलता, बैठेपणा, डोक्यास इजा, विषण्णता, एकाकीपणा, दूषित हवा, मंद झालेली पण न सुधारलेली दृष्टि, बहिरेपण आणि अपुरें शिक्षण. हीं सर्व दूर झालीं, तर सुमारें शेंकडा ४५ स्मृतिभ्रंश टळतील वा लांबतील असा त्या मंडळाचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे, व्यक्तीस दिलेलें अभयपत्र नव्हे. सर्व नियम पाळणाऱ्यासहि रोग गांठूं शकतो, आणि त्यास दोष देणें हा दुसरा अन्याय होईल.

यांपैकीं बहिऱ्या कानांविषयीं विशेष बोलणें प्राप्त आहे. आमच्याकडे चष्मा हें विद्वत्तेचें भूषण ठरलें आहे, आणि श्रवणयंत्र मात्र म्हातारपणाचा डाग! ऐकूं न येणारा मनुष्य बैठकींतून उठतो, संभाषण सोडतो, हळूहळू मौनांत बुडतो. आणि घरचे म्हणतात, 'बुद्धि चालत नाहीं.' २०२३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत श्रवणयंत्रांचा लाभ सरसकट सर्वांस दिसला नाहीं. पण ज्यांस बुद्धिमांद्याचा धोका अधिक होता, त्यांची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यानें मंदावली. एवढी आशा असतांना कानांत यंत्र घालण्याची लाज वाटावी, याची आम्हांस लाज वाटते.

आतां दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळूं. म्हणीच्या औदासीन्यावर पोसलेला एक व्यापार आहे, तो बुद्धिवर्धक तेलें, चूर्णें आणि गोळ्यांचा. जिंकगो या झाडाच्या अर्काची ख्याति जगभर होती; अमेरिकेंत तीन हजारांवर वृद्धांस तो वर्षानुवर्षें देऊन पाहिला, आणि त्यानें स्मृतिभ्रंश मुळींच टळत नाहीं, असें २००८ सालीं जाहीर झालें. ज्यांनीं आपल्या औषधास अशी कसोटी कधीं लावलीच नाहीं, त्यांच्या जाहिरातींवर सुज्ञांनीं किती विश्वास ठेवावा?

आमच्या प्राध्यापकवर्गाचा भ्रम याहून सूक्ष्म आहे. ग्रंथ वाचले, शब्दकोडीं सोडविलीं, कीं मेंदूची चाकरी झाली, असें आम्ही बुद्धिजीवी मानतों, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्ची सोडीत नाहीं. मेंदू ग्रंथांनीं घडतो, पण जगतो रक्तावर. फिनलंडांत साठीपुढील १,२६० जणांवर दोन वर्षें चाललेल्या आणि २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जो मर्यादित पण निश्चित लाभ दिसला, तो आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादिकांची देखरेख या चारींच्या जोडीनें. एकट्या कोड्यांनीं नव्हे.

अपुऱ्या शिक्षणाचें नांव त्या यादींत पाहून तर आमची मान खालीं जाते. उपरिनिर्दिष्ट पाहणींत पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि शहरांपेक्षां खेड्यांत हा रोग अधिक आढळला. ज्या सासूबाईंच्या विसराळूपणास घर हंसतें, त्यांस बालपणीं शाळेंतून कोणीं काढलें होतें? महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें तें १९१६ सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं. आणि समता संघ काढला तो १९४४ सालीं, शहाऐंशीच्या घरांत. एका उदाहरणानें सिद्धान्त होत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण ज्या महाराष्ट्रानें हा पुरुष १९६२ पर्यंत डोळ्यांनीं पाहिला, त्यानें तरी ती म्हण तोंडांत घोळवूं नये.

आमचें मागणें मोठें नाहीं. चाळिशीपासून रक्तदाब मोजला जावा. वृद्धांचे कान आणि डोळे वर्षाकांठीं तपासले जावे. विस्मरण वाढतांना दिसलें, कीं ज्योतिषी वा जाहिरात यांपूर्वीं डॉक्टर गांठावा. आणि निदान काय व्हायचें तें होवो, त्या मनुष्याशीं बोलणें बंद करूं नये. स्मृति गेलेल्या माणसासहि अपमान कळतो. त्याच्या देखत म्हण उच्चारून हंसणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.