स्प्रिंगला पासिंग कधी?

२००९-१० साली घेतलेल्या पहिल्या फॉर्च्युनर आता पंधरा वर्षांच्या नूतनीकरणाला येऊ लागल्या आहेत, आणि या महिन्याच्या पत्रांत एकच रड आहे. दोन इंच लिफ्ट आणि ऑल-टेरेन टायर दिसले की आरटीओतले साहेब फाईल बाजूला सारतात. मग गॅरेजवाल्याकडून कंपनीच्या मापाची चाके आणि स्प्रिंगा उसन्या आणायच्या, पासिंग उरकायचे आणि संध्याकाळी लिफ्ट पुन्हा चढवायची. स्पितीला जी गाडी जाणार ती निरीक्षकाने पाहिलेलीच नसते. याला तपासणी म्हणायचे!

साहेबांच्या हाती मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, गाडीतल्या बदलांविरुद्धचा जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि त्याच वर्षी आलेले १८२-अ आहे: प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण २०१९च्याच दुरुस्तीने रेट्रोफिटचे निकष ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला, हे कोणी बोलत नाही. तो अधिकार सीएनजी किटसाठी वापरला जातो, इलेक्ट्रिक किटसाठीही. म्हणजे मंजूर किट असेल तर अख्खे इंजिन उतरवून बॅटरी बसवता येते. चाळीस मिलिमीटर उंच स्प्रिंगला मात्र अर्ज करायलाही खिडकी नाही. किट तपासणारी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. निकष दिले तर ती स्प्रिंगही तपासेल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सस्पेन्शनचे ५० आणि टायरमुळे वाढलेले २५ मिलिमीटर वेगळ्या प्रमाणपत्राशिवाय चालतात, त्यापुढे अभियंत्याची सही लागते. इतके सोपे आहे.

आता आपल्या मंडळींविषयी. क्रॅश गार्डवर कारवाई करा असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना डिसेंबर २०१७मध्येच कळवले, तरी तो बसवून वर एअरबॅगचा भरवसा धरणारे आहेतच. घाटात समोरच्याच्या डोळ्यांत लाइटबार मारणारेही आपलेच. त्याहून वाईट म्हणजे स्टील बंपर, विंच, रूफटॉप तंबू आणि ड्रॉवर मिळून दीड-दोनशे किलो चढवायचे आणि स्प्रिंग मात्र रिकाम्या गाडीच्या रेटची घ्यायची. सीव्ही जॉइंटचा कोन, कॅम्बर, ब्रेक होज, काही पाहायचे नाही. गॅरेजवाले बिलावर ‘सस्पेन्शन काम’ एवढेच लिहितात. असल्या बिलावर विमा कंपनीने दावा फेटाळला तर तिला काय म्हणून दोष द्यायचा?

ओरडून खिडकी उघडत नाही, कागद लागतात. गॅरेजवाल्यांनो, काम करण्यापूर्वी आणि केल्यावर गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोला. पावती, स्प्रिंगचा रेट आणि पार्ट नंबर, टायरचा लोड इंडेक्स, अलाइनमेंटचा अहवाल आणि मूळ आरसीची प्रत असा संच आमच्याकडे पाठवा. मालकाचे नाव झाकलेत तरी चालेल. संच एकत्र करून लिफ्ट किटच्या निकषांची मागणी परिवहन मंत्रालयाकडे आम्ही लेखी नेऊ. क्रॅश गार्ड लावलेल्या गाडीचे कागद पाठवू नका, ते घेतले जाणार नाहीत.