ओरिजनल म्हणजे काय रे भाऊ?

शेलूच्या एका घरात जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढलीये. तीन मालक झालेत, हयात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेली. मुंबईचं गिर्‍हाईक म्हणतं, "पिकअप बदललेत, ओरिजनल नाही. निम्मे देतो."

कमाल आहे! पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने १९७० साली घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटचे नेक, पिकअप कितीदा बदलले. २०१९च्या लिलावात तिचे ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. "पण ती गिल्मरने वाजवलेली!" बरोब्बर. म्हणजे किंमत वाजवणार्‍याची, सुट्या भागांची नव्हे. मग कर्जत लाईनवरच्या वाजवणार्‍यांनी काय घोडं मारलंय?

पॉटवरचा कोड फार तर पॉट कोणत्या वर्षीचा ते सांगेल. गिटार किती वाजली, ते झिजलेल्या फ्रेटच सांगतात. तेव्हा मित्रहो, आधी तिन्ही मालकांची नावं विचारून लिहून घ्या. घासाघीस नंतर करा.